अक्षरओळख

उज्ज्वला बाबरने एकवीस वर्षांत साडेपाचशेच्या वर मुलांना वाचायला शिकवलं होतं. तिच्या स्वतःच्या मुलीला मात्र दुसरीत गेल्यावरही ‘मगर’ आणि ‘गरम’ हे दोन वेगळे शब्द आहेत हे पटत नव्हतं.

सांगोला तालुक्यातल्या नागझरवाडीच्या शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग तिच्याकडे होता. एकतीस मुलं, पाच गट. एका वेळी एकच गट तिच्यापुढे सतरंजीवर अर्धगोल करून बसायचा. बाकीच्यांनी तोवर मणी ओवायचे, चित्रं रंगवायची नाहीतर भिंतीवरच्या स्क्रीनवर गोष्ट ऐकायची. गटाला वीस मिनिटं आणि मधे अक्षरकार्डांचा ढीग. पोर कुठे अडखळलं हे तिला त्याच्या ओठांवरून कळे. अक्षर येत नसेल तर ओठ मिटतात, मात्रा येत नसेल तर ते उघडेच राहतात. साहेब लोक तपासणीला आले की तिचा वर्ग बघायला म्हणून मुद्दाम थांबत.

गटांना तिने पाखरांची नावं दिली होती. शेवटचा गट पारव्यांचा. तो शेवटचा आहे असं वर्गात कुणी कधी म्हणालं नव्हतं, पण ते एकतीसच्या एकतीस पोरांना माहीत होतं. ऋजुता पारव्यांत होती.

लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली ही मुलगी. एकदा ऐकलेली गोष्ट महिन्याने शब्दाला शब्द सांगायची. पाटीवर अक्षरं आली की मात्र ती खाली मान घालून परकराची कड चघळत बसे. उज्ज्वलाने वाळूत गिरवून पाहिलं, कणकेची अक्षरं करून पाहिली, सोलापूरच्या तज्ज्ञांना दाखवून आली. काहीच उपयोग झाला नाही.

वेळही फार उरला नव्हता. तीन वर्षांपूर्वी नवा नियम आला होता. दुसरीच्या अखेरीस मुलाने एक पान सलग वाचायचं. नाही वाचलं तर तिसरीपासून त्याची रवानगी हस्तकौशल्य तुकडीत. शिवण, जोडकाम, पॅकिंग. त्या तुकडीच्या खोलीत पुस्तकाचं कपाट नव्हतं. मूल पुन्हा मुख्य तुकडीत येऊ शकतं असं नियमात लिहिलं होतं, पण तीन वर्षांत तालुक्यातून एकही आलं नव्हतं.

उज्ज्वलाचा नवरा हणमंत सौरपंप दुरुस्त करायचा. तो एकदा म्हणाला, “शिवण शिकली तर काय बिघडलं? मी तरी कुठं पुस्तकं वाचून पंप खोलतो?”

“अहो, तुम्हाला वाचता येतं,” ती म्हणाली. “म्हणून तुम्हाला तसं म्हणता येतं.”

जुलैत पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून डॉ. शर्वरी केळुसकर आल्या. तिशीच्या, सडसडीत, बोलताना हातांनी हवेत आकृत्या काढणाऱ्या. त्यांच्या पेटीत सहा मऊ पट्टे होते, डोक्याला बांधायचे. जिल्ह्यातल्या एका शाळेतला एकच गट त्यांना हवा होता, तोही सगळ्यात मागे पडलेला.

मधल्या सुट्टीत दोघी व्हरांड्यात बसल्या.

“बोलायला मुलांना शिकवावं लागत नाही, मॅडम,” शर्वरी सांगू लागल्या. “मेंदूत त्याची जागा जन्मापासून राखलेली असते. वाचनाची अशी जागाच नाही. लिपी येऊन जेमतेम पाच हजार वर्षं झाली, तेवढ्यात मेंदू कुठला बदलतोय. म्हणून वाचायला शिकताना तो उसनी जागा घेतो. डाव्या कानाच्या मागे, खालच्या बाजूला एक भाग आहे. बारीक आकार ओळखायचं काम तिथे चालतं. त्यातला एक तुकडा अक्षरांना मिळतो. काही मुलांना तो लवकर मिळतो, काहींना मिळतच नाही.”

“आणि हा पट्टा तो मिळवून देतो?”

“हो. यातून आधी प्रकाश जातो, डोळ्यांना न दिसणारा. मेंदूचा कुठला भाग जागा झालाय ते त्यावरून कळतं. मूल अक्षराकडे बघतंय, तुम्ही उच्चार करताय, आणि तो भाग जागा आहे, असं जुळून आलं की ध्वनीची एक बारीक लहर जाते. ती ऐकू येत नाही. तिने तेवढा भाग पाव सेकंद तान्ह्या बाळाच्या मेंदूसारखा होतो, ओल्या मातीसारखा. त्या वेळी जे समोर असेल ते उमटतं आणि राहतं.”

“मग मशीनच शिकवेल की. माझं काय काम?”

“आम्हालाही तसंच वाटलं होतं. स्क्रीनसमोर एकेकट्याला बसवून दोन वर्षं घालवली. काही उमटेना. समोर ओळखीचं माणूस असेल आणि शेजारी चार-सहा मुलं तेच करत असतील, तरच मेंदू दार उघडतो. सहांचा गट सगळ्यात चांगला. तुम्ही रोज करता तेच करायचं, मॅडम. फक्त पट्टा बांधून.”

उज्ज्वलाने विचारलं, “उसनी जागा म्हणालात. ती मुळात कुणाची?”

“थोडीफार चेहऱ्यांची. पण चेहरे उजव्या बाजूला सरकतात, तिथे भरपूर जागा असते. तुम्हीआम्ही वाचतोच ना? आणि माणसंही ओळखतो.”

उत्तर सरळ होतं आणि उज्ज्वलाला ते पटलं. तिला ते पटवून घ्यायचंच होतं, हे तिच्या फार नंतर लक्षात आलं.

संमतीपत्रांवर सह्या झाल्या. पारव्यांतल्याच भाग्या हाकेच्या आईने, मंगलने, अंगठा दिला. ती डाळिंबाच्या शेडमध्ये फळं निवडायला जायची आणि दुपारचा खाडा करून शाळेत आली होती. शाईचं बोट पदराला पुसत तिने एवढंच विचारलं, “पोरीला दुखायचं न्हाई ना, बाई?”

“नाही, मंगलताई. माझीही मुलगी आहे याच गटात.”

त्यावर मंगलने मान हलवली आणि ती कामावर गेली.

पहिला महिना काहीच झालं नाही. दुसऱ्या महिन्यात भाग्याने पोषण आहाराच्या पोत्यावरचं ‘तांदूळ’ वाचलं. दसऱ्याच्या आत पारव्यांच्या गटातली चार मुलं वरच्या साळुंक्यांच्या गटाच्या पुढे गेली. अयान मुलाणी हा वर्षभर गप्प बसलेला मुलगा. आता तो वडिलांच्या शिलाईच्या दुकानात टांगलेल्या प्रत्येक कापडाची चिठ्ठी वाचून गिऱ्हाइकाला ऐकवायचा. त्याचा बाप उस्मान शाळेत येऊन दहा मिनिटं दाराशी उभा राहिला आणि परत गेला. उज्ज्वलाने एवढ्या वर्षांत मुलांना वाचू लागताना पाहिलं होतं, पण असं, झरा फुटावा तसं, कधी पाहिलं नव्हतं.

ऋजुता मागेच होती. तिला एकेक अक्षर येत होतं. शब्द जुळत नव्हता.

दिवाळीनंतर शाळेत माता-पालकांचा मेळावा झाला. तीस-एक बाया सतरंज्यांवर रांगेने बसल्या. भाग्याने माईकसमोर अख्खी गोष्ट वाचली. टाळ्या झाल्या. मग उज्ज्वला म्हणाली, “जा भाग्या, आईला नमस्कार कर.”

भाग्या खाली उतरली आणि रांगेसमोर उभी राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने नजर फिरवली, पुन्हा फिरवली. मंगल दुसऱ्याच रांगेत होती, पाच हातांवर, ओल्या डोळ्यांनी लेकीकडे बघत. भाग्याची नजर तिच्यावरून दोनदा गेली आणि पुढे गेली.

“अगं, हिकडं,” मंगल हसून म्हणाली.

आवाज येताच भाग्या धावली आणि तिच्या कुशीत शिरली. बायांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. पोरगी गर्दीला बुजली, असंच सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाने भाग्याला एकटीला बोलावलं आणि गेल्या वर्षीचा वर्गाचा फोटो पुढे ठेवला. भाग्याने खाली छापलेली एकतीस नावं न अडखळता वाचली. उज्ज्वलाने नावांवर हात ठेवला आणि एका मुलीवर बोट ठेवलं. “ही कोण?”

भाग्याने फोटो जवळ धरला, लांब धरला. “सगळ्यांचा ड्रेस एकच आहे, बाई.”

“तोंड बघ ना.”

“माहीत नाही. नवी आहे का?”

ती भाग्या स्वतःच होती.

काहीही वेगळं दिसलं तर त्याच दिवशी फोन करा, असं शर्वरींनी बजावलं होतं. उज्ज्वलाने फोन हातात घेतला. तेवढ्यात घंटा झाली आणि पारवे येऊन बसले. तिने पट्टे बांधले, कार्डं मांडली. त्या दिवशी ऋजुताने, आधी मनात आणि मग मोठ्याने, बोट न ठेवता, सलग वाचलं, ‘माझी आई मला हाक मारते.’ वाचून झाल्यावर तिने वर पाहिलं. सात वर्षांत उज्ज्वलाने तिला असं बघताना पाहिलं नव्हतं.

उज्ज्वलाने फोन पर्समध्ये टाकला. आठ दिवस थांबू, तिने ठरवलं. कदाचित भाग्याला चष्मा लागला असेल. आठ दिवसांत ऋजुताला जोडाक्षरं यायला लागली. अशा वेळी पट्टा काढायचा म्हणजे उगवतं रोप उपटायचं. अजून आठ दिवस. अयान तिला व्हरांड्यात ‘मॅडम कुठे आहेत?’ असं तिच्याचकडे बघून विचारायचा, तेव्हा ती ‘काय रे?’ एवढंच म्हणायची, आणि आवाज ऐकून तो हसायचा. तिच्या गटातली मुलं आता एकमेकांना दप्तरांवरच्या नावांनी ओळखत होती. हे तिने पाहिलं. ती रोज पाहत होती.

एकविसाव्या दिवशी तिचा आवाज गेला.

संमेलनाच्या तालमीत ओरडून घसा बसला होता. डॉक्टरांनी चार दिवस एक शब्दही बोलायचा नाही असं सांगितलं. ती दवाखान्यातून परस्पर घरी आली. डोक्याला मफलर होता तो तिने दारातच काढला. ऋजुता शाळेतून आधीच येऊन ओट्यावर पाटी घेऊन बसली होती. तिने वर पाहिलं आणि पाहुण्यांशी बोलायचं शिकवलं होतं तशा अदबीनं म्हणाली, “आई शाळेत गेलीय. बाबा बागेत आहेत. कोण पाहिजे?”

उज्ज्वला पुढे झाली. ऋजुता मागे सरकली आणि तिने पाटी छातीशी धरली.

उज्ज्वलाने बोलायचा प्रयत्न केला. घशातून नुसती हवा आली. ते ऐकून पोरीच्या डोळ्यांत भीती उतरली. तेव्हा उज्ज्वला खाली बसली. हात पुढे करून तिने हळूच पाटी मागून घेतली आणि लिहिलं, ‘मी आई.’

“मी आई,” ऋजुताने वाचलं. अगदी स्वच्छ, न थांबता. मग तिने त्या समोरच्या बाईकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं. “कुणाची?” तिने विचारलं.

त्याच रात्री उज्ज्वलाने शर्वरींना मेसेज पाठवला. त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. सहाही मुलांना त्यांनी दिवसभर एकेक करून फोटो दाखवले, आकृत्या दाखवल्या, पट्टा बांधून आलेख घेतले. दुपार कलल्यावर त्या वर्गात येऊन छोट्या बाकावर बसल्या. हात मांडीत होते.

“अक्षरांनी डावी बाजू भरली,” त्या म्हणाल्या. “इतर मुलांमध्ये हे चार-पाच वर्षं चालतं. तेवढ्यात चेहरे सावकाश उजवीकडे जातात. इथे चार महिन्यांत झालं. चेहऱ्यांना हलायला वेळच मिळाला नाही. आणि डावीकडे जागा संपल्यावर अक्षरं उजवीकडेही गेली.”

उज्ज्वलाने पाटीवर लिहिलं, ‘तुम्हाला दिसलं नाही?’

शर्वरींनी ते वाचलं. “दिसलं होतं. ऑक्टोबरपासून उजवीकडे काहीतरी वाढत होतं. अहवालात आम्ही त्याला प्रगती म्हटलं.” मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं?”

खोटं लिहिता आलं असतं. उज्ज्वलाने ‘२१ दिवस’ असं लिहिलं.

शर्वरींनी डोळे मिटून घेतले. “उजवी बाजू बहुतेक याच एकवीस दिवसांत गेली,” त्या म्हणाल्या. त्या स्वरात दोष नव्हता, आणि उज्ज्वलाला त्याचाच जास्त त्रास झाला.

एकच उपाय होता, तोही खात्रीचा नव्हता. लहरीने मऊ झालेली जागा अजून दीड-दोन महिने घट्ट होणार नव्हती. तेवढ्यात मुलांना अक्षरांपासून तोडायचं. शाळा नाही, पुस्तक नाही, दुकानाची पाटी नाही, बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव नाही. वापरात नसलेली जागा मेंदू सोडून देतो. वर्षभर असं राहिलं तर चेहऱ्यांना ती परत मिळू शकेल, निम्मी शक्यता. वाचन मात्र जाईल, आणि बहुधा पुन्हा येणार नाही. काहीच केलं नाही तर वाचन कायम राहील आणि चेहरे कायमचे जातील.

प्रत्येक घराने आपापलं ठरवायचं होतं. शनिवारी सकाळी सहा घरांची माणसं वर्गात जमली. शर्वरींनी सगळं साध्या भाषेत सांगितलं. काही लपवलं नाही. आपला प्रकल्प बंद झालाय हेही सांगितलं.

उस्मान मुलाणी आधी बोलला. “माझं पोरगं काल बाजारात दुसऱ्याच दाढीवाल्याचा हात धरून चाललं होतं. आम्हाला अक्षर नको.” अजून दोघांनी त्याला दुजोरा दिला.

मंगल उठून उभी राहिली. “मला ठिवायचंय,” ती म्हणाली. “वाचायचं ठिवायचंय.”

“मंगलताई, ती तुम्हाला तोंडावरून कधीच ओळखणार नाही,” शर्वरी म्हणाल्या.

“माजं तोंड बघून तिला काय मिळणार हाय? माज्या आईला मी वळखत होते की. तिनं मला पंधराव्या वर्षी उजवलं. कागदावर काय लिव्हलंय ते तिलाबी कळलं न्हाई आन मलाबी. शेडमदी मुकादम रोज वहीत काय लिवतो ते मला आजपत्तर ठाव न्हाई.” तिचा आवाज अजिबात चढला नाही. “मी रोज नाव सांगीन तिला. मी मंगल, तुजी आई. तेवढं मला येतं.”

उज्ज्वलाचा आवाज थोडा परत आला होता. ती भिंतीला धरून उभी राहिली.

“मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं होतं,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी. मी कळवलं नाही. ऋजुता नुकती वाचायला लागली होती, म्हणून. तेव्हाच थांबवलं असतं तर कदाचित एवढं झालं नसतं.”

हणमंत शेवटच्या बाकावर होता. त्यालाही हे आत्ताच कळत होतं. त्याने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि उठून बाहेर गेला. उस्मान जागचा हलला नाही. तो म्हणाला, “मॅडम, आम्ही तुमच्या भरवशावर सही केली होती.”

“हो.”

“सरकारच्या नाही. तुमच्या.”

“हो, उस्मानभाई.”

मंगलने विचारलं, “तवाच थांबवलं असतं, तर भाग्याचं वाचायचं अर्ध्यावर ऱ्हायलं असतं?”

उज्ज्वलाने शर्वरींकडे पाहिलं. शर्वरींनी होकारार्थी मान हलवली.

“मग बरं केलं, बाई,” मंगल म्हणाली.

उस्मानने शिव्या घातल्या असत्या तर त्या उज्ज्वलाने सोसल्या असत्या. हे वाक्य मात्र तिला पुढे कित्येक महिने झोपू देणार नव्हतं.

हणमंत दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने ताटाकडे बघत विचारलं, “काय ठरवलंस?”

“तुम्ही सांगा.”

“मी काल अंगणात उभा होतो. पोरीनं मला पंपवाले काका म्हणून हाक मारली. हातात पाना होता म्हणून.” त्याने घास खाली ठेवला. “तिला शिवायला येऊ दे, नाहीतर काहीच न येऊ दे. पण बाप कोण ते कळू दे.”

ऋजुताला विचारायचं का, यावर उज्ज्वला खूप घोटाळली. शेवटी तिने विचारलंच. ऋजुता म्हणाली, “मला वाचायचंय.” तरीही त्यांनी पट्ट्याने दिलेलं काढून घ्यायचं ठरवलं. सात वर्षांच्या मुलीला काय हवं ते विचारून, ऐकून, मग त्याच्या उलट केलं, हे उज्ज्वलाने स्वतःपासून कधी लपवलं नाही.

हणमंतची थोरली बहीण शांताक्का माळरानावर एकट्या वस्तीत राहायची. गाव तिथून सहा किलोमीटर. उज्ज्वलाने बिनपगारी रजा घेतली आणि लेकीला घेऊन ती तिथे गेली. आधी दोन दिवस ती एकटीच राबली. डब्यांवरच्या चिठ्ठ्या खरवडल्या. देवांच्या तसबिरींखालची नावं, खताच्या गोण्या, पाण्याच्या टाकीवरचं कंपनीचं नाव, सगळ्याला काळा रंग फासला. औषधांची पाकिटं फाडून गोळ्या वाटीत काढल्या. घड्याळ उतरवलं. शांताक्का कमरेवर हात ठेवून बघत होती. “जन्मभर पोरांना अक्षरं दिलीस,” ती म्हणाली, “आन आता ही कसली पाळी आली गं तुझ्यावर.”

ऋजुता पहिले पंधरा दिवस रडली. मग ती शोधायला लागली. वाऱ्याने उडून आलेला वर्तमानपत्राचा कपटा, हातपंपावर उठलेले आकडे, कुठून कुठून ती अक्षर हुडकून काढायची, आणि उज्ज्वला ते हिसकावून घ्यायची. मग ती धुळीत बोटाने लिहायला लागली. उज्ज्वला पायाने पुसायची. भिंतीवर कोळशाने लिहिलं, ते पोतेऱ्याने पुसलं. चुलीजवळच्या राखेत लिहिलं, ती राख ढवळली. दिवसातून दहा-दहा वेळा. ऋजुता फक्त पुसणाऱ्या हाताकडे बघत राही.

उन्हाळ्यापर्यंत तिची अक्षरं बिघडायला लागली. आधी जोडाक्षरं गेली, मग मात्रा सुटल्या. एप्रिलमध्ये तिने धुळीत काढलेल्या ‘घ’ला पोट नव्हतं. ओठ मिटून ती त्याच्याकडे बघत बसली होती. अक्षर अडल्यावर मुलं बसतात तशी. उज्ज्वलाने तोही पुसला. मग ती गोठ्यामागे गेली आणि तोंडात पदर कोंबून उभी राहिली.

शर्वरी दर महिन्याला येत. त्यांची नोकरी गेली होती. स्वतःच्या गाडीने, स्वतःच्या हौसेने येत म्हणायला हवं, पण त्या हौसेने येत नव्हत्या. गावातल्या बातम्या त्यांच्याकडूनच कळत. भाग्या दुसरीत तालुक्यात पहिली आली. शेडमधल्या सगळ्या बायांचे कागद आता तीच वाचते. मंगल रोज सकाळी तिला उठवताना आपलं नाव सांगते. अयानची अक्षरं गेली. चेहरे अजून आले नाहीत.

सातव्या महिन्यात शर्वरींनी ऋजुताला फोटो दाखवले आणि त्या बाहेर येऊन बसल्या. “उजवी बाजू मोकळी होतेय,” त्या म्हणाल्या. “पण मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. जुने चेहरे परत येणार नाहीत. ती नोंद पुसली गेलीय. जागा रिकामी झाली तर ती नव्याने शिकेल.”

“म्हणजे मला?”

“तुम्हालाही नव्याने. आत्ता जशा दिसता तशा. जो चेहरा रोज जवळून दिसतो, तो आधी उमटेल.”

उज्ज्वलाने विचारलं, “आणि त्या चेहऱ्याबरोबर आणखी काय उमटतं?”

शर्वरींनी फोटोंचा गठ्ठा पिशवीत भरला.

बाराव्या महिन्यात शांताक्काच्या दिराकडे लग्न होतं. शेजारच्या मळ्यातल्या म्हातारीला ऋजुताजवळ बसवून दोघी गेल्या. आहेरात दोघींना एकाच गठ्ठ्यातल्या, एकाच रंगाच्या साड्या मिळाल्या, आणि मांडवात त्या नेसायला लावल्या. त्याच नेसून दोघी माळ तुडवत परत आल्या, डोक्यावर पदर, उन्हाने थकलेल्या, न बोलता.

ऋजुता वस्तीसमोर उकिडवी बसली होती. हातात काडी होती. पावलं वाजली तशी तिने वर पाहिलं. आधी पुढे चालणाऱ्या शांताक्काकडे. तिच्या तोंडावरून तिची नजर नुसती सरकून गेली, तिच्या साडीवर गेली, परत वर आली. ओळख पटलेली दिसली नाही. मग ती नजर मागे, उज्ज्वलाकडे आली.

तिथे ती थांबली.

उज्ज्वलाने तोंडातून आवाज काढला नव्हता. तिच्या हातात पिशवी नव्हती, अंगावर रोजची साडी नव्हती. वीस हातांवरून पोरगी सरळ तिच्या तोंडाकडे बघत होती. डोळे, मग नाक, मग ओठ, मग पुन्हा डोळे. उज्ज्वला जागच्या जागी उभी राहिली.

ऋजुता झटकन उठली. पायाखालची माती तिने टाचेने घासून पुसली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. काडी पाठीमागे लपवली.

“आई,” ती म्हणाली, “मी काही लिहीत नव्हते.”